सांभळती, सांभाळती

अडाजणच्या बाजूला पोंकाचे तंबू लागले की सुरतेची माणसं खूश होतात. माझं डोकं तापतं. चार वर्षं झाली, तरी हिरव्या दाण्यांचा तो भाजका, किंचित गोड वास नाकात शिरला की मला ते शिबिर आठवतं आणि हातातली पिशवी मी जरा जास्तच जोरात खाली ठेवते. परवा दुकानदारानं विचारलंसुद्धा, "बेन, पोंक सारो नथी?" पोंक चांगला होता. पोंकाचा काही दोष नाही.

पोंक म्हणजे आपला हुरडा. माझं माहेर पारोळ्याकडचं. तिकडे शेतातच कणसं भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची आणि तोंडं काळी करून घेत खायची. सुरतेत येऊन हुरडा साहेब झालाय. कुणीतरी आधीच भाजतं, कापडात बांधून काठीनं झोडपतं, पाखडतं, निवडतं. आपल्या हातात येतो तो स्वच्छ दाणा, सोबत लिंबू-मिऱ्याची शेव आणि साखरेचे दाणे. लग्न होऊन आले तेव्हा मला हे हास्यास्पद वाटलं होतं. आता मीही चमच्यानं खाते.

सुरतेतली थंडी म्हणजे पंखा दोनवर. पण त्या तीन-चार आठवड्यांत शहराचा रंग बदलतो. रस्त्याच्या कडेला खांबाखांबांमध्ये पतंगाचा दोर ताणून त्याला गुलाबी लगदा फासत बसलेली माणसं दिसतात. त्यांची बोटं गुलाबी, फुटपाथ गुलाबी, मधून जाणाऱ्या कुत्र्याचं शेपूट गुलाबी. सकाळी उधन्याच्या खाडीवर धूर बसलेला असतो आणि चहाच्या टपरीवर कानटोप्या घातलेले कारीगर "बहुत ठंडी है" म्हणत उभे असतात.

मी पर्वत पाटियाजवळच्या एका गोदामात साड्या तपासते. टेबलावरून साडी सरकत जाते आणि मी डाग, गाठ, उडालेला रंग शोधते. एवढी वर्षं हेच काम केल्यामुळे मला सगळीकडे दोषच दिसतात, असं सासरच्यांचं म्हणणं आहे आणि ते खरं आहे. त्या शिबिरात मला पहिल्या तासात दहा दोष दिसले. अकरावा दिसला नाही. तो माझा होता.

आमच्या घरात दोन मुलं. तेजल मोठी, तिला ऐकू येतं. भूषण तिच्याहून तीन वर्षांनी लहान, त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. तो दीड वर्षाचा असताना हे कळलं. मशीन लावलं, त्यातून त्याला ट्रकचा हॉर्न आणि ढोल एवढंच पोचतं. स्पीच थेरपीच्या बाईंनी मला समोर बसवून सांगितलं, "हातवारे एकदम बंद. हातवारे केलेत तर हा कधी बोलणार नाही." मी शहाणी, आज्ञाधारक आई. रोज संध्याकाळी भूषणला समोर बसवायची, त्याचे दोन्ही हात माझ्या एका हातात घट्ट धरायची आणि ओठ ताणून म्हणायची, "पा-णी. म्हण. पा-णी." त्याला तहान लागलेली असायची. पाणी कसं मागायचं हे त्याला नीट ठाऊक होतं, अंगठा ओठांशी नेला की झालं. पण तो अंगठा माझ्या मुठीत असायचा. तहानलेल्या पोराचे हात धरून ठेवायला मला शिकवलं गेलं आणि मी ते मन लावून केलं. ते आठवलं की आजही मला त्या बाईंचा राग येतो, आणि नंतर माझा.

माझा नवरा उधन्यात लूमचा मास्तर आहे. लूमच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. खात्यात शंभर लूम एकदम धडधडत असतात, कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून खात्यातली सगळी माणसं हातांनी बोलतात. ओडिशाचा कारीगर असो, उत्तर प्रदेशचा असो की आमचा खानदेशी असो, खुणा एकच. चहा, सुट्टी, बीम बदल, लाईट गेली. पोटावरून मोठा गोल हात फिरवला की शेठ आला. दोन्ही हातांच्या चिमट्या जुळवून झटक्यात लांब केल्या की धागा तुटला. मग लूम थांबवायचा, तुटल्या जागी गाठ मारायची आणि पुढे चालू.

नवरा घरी आला की त्याचे हात तसेच बोलत राहायचे. मी पोराला "पा-णी, पा-णी" करत असले की म्हणायचा, "कसाले बोंबलस? हात शेतस ना तुले?" कशाला ओरडतेस, हात आहेत ना तुला. मी त्याला अडाणी म्हणायची. बाईंनी काय सांगितलंय ते पुन्हा ऐकवायची. तो हो म्हणायचा आणि माझी पाठ वळली की पोराशी हातांनी गप्पा मारायचा.

जेवताना त्यानं एक नियम घातला. आपलं बोलणं कधी कधी इकडून तिकडे इतक्या जोरात जातं की भूषण मधेच सुटतो. अशा वेळी त्यानं "धागा तुटला" करायचं. मग जो बोलत असेल त्यानं घास तोंडातला तोंडात ठेवून थांबायचं, कुठून तुटला ते विचारायचं आणि तिथून पुन्हा सांगायचं. सासूबाईसुद्धा थांबायच्या. मीच एकटी म्हणायची, "तेजल, सांग बरं त्याला," आणि पोळी करायला उठायची.

"तेजल, भूषणला सांग." हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल याचा मला अंदाज नाही. डॉक्टरांकडे, लग्नात, शाळेच्या मीटिंगला, बसमध्ये. ती सहा वर्षांची असताना दातांच्या डॉक्टरांचं बोलणं ती त्याला समजावून सांगत होती आणि मी बाजूला पर्स धरून कौतुकानं बघत होते.

शिबिराचं आमंत्रण आलं ते भूषण चौदा वर्षांचा आणि तेजल बारावीत असताना. बहिऱ्या आणि ऐकणाऱ्या भावंडांच्या कुटुंबांसाठी तीन दिवस, राहून-जेवून, ओलपाडच्या रस्त्यावरच्या एका फार्महाऊसवर. बोलावणाऱ्या हेतलबेन फार गोड बोलायच्या. नवरा म्हणाला, "माले काय शिकाडतीन त्या?" मला काय शिकवणार ते. तो आला नाही. मी दोन्ही मुलांना घेऊन गेले, कारण मला काहीतरी शिकायचं होतं. ते खरंच शिकायचं होतं, हे इथे सांगितलं पाहिजे.

दारातच हेतलबेननी गळ्यात बिल्ले घातले. भूषणच्या बिल्ल्यावर त्याचं नाव. तेजलच्या बिल्ल्यावर नावाखाली गुजरातीत आणखी दोन शब्द होते. मी वाचले आणि मला बरं वाटलं. म्हटलं, बघा, या लोकांना कळतंय पोरीचं. तीन दिवस मी भेटेल त्याला सांगत होते, "ही माझी मुलगी, हीच सांभाळते भावाला. बिल्ल्यावरही लिहिलंय." सगळे मान डोलवायचे. एक-दोघांनी जरा विचित्र नजरेनं पाहिलं, पण मी ते मनावर घेतलं नाही.

आता दोष. मोठा मांडव, लाल खुर्च्या रांगेत, सगळ्यांची तोंडं मंचाकडे. म्हणजे बहिऱ्या मुलांना एकमेकांच्या पाठी दिसणार. मंचावरच्या माणसामागे दिव्यांची माळ, म्हणजे त्याचे ओठ काळोखात. वक्ते होते एक सर, बाहेरून आलेले, आवाज दमदार. माईकवर हिंदी आणि गुजराती. जवळपास वीस मुलांना त्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं आणि त्यांच्यासाठी खुणांच्या भाषेत सांगणारं एकही माणूस मंचावर नव्हतं. पहिल्या दिवशी मी हेतलबेनला विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अरे, भाई-बहेन छे ने!" भावंडं आहेत की! तीन दिवस ऐकणाऱ्या भावंडांनी मान मंचाकडे आणि हात भावाकडे अशा अवस्थेत काढले. जेवतानाही सरांचं चालूच असायचं. तेजलच्या ताटातली खिचडी-कढी गार होऊन तिच्यावर साय धरायची. हात दोनच. बोलणार की जेवणार?

मी काय केलं? मी तिच्या ताटावर दुसरं ताट झाकून ठेवलं.

भूषणनं पहिल्याच तासात सरांचं नाव पाडलं: पोटावरून गोल हात. शेठ. तेजल तोंडावर ओढणी धरून हसली. मी दोघांना दटावलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी ऐकणाऱ्या मुलांना गोल बसवलं आणि मोठेपणी कोण होणार ते विचारलं. कतारगामच्या हिरे घासणाऱ्या कुटुंबातला एक जाडा मुलगा म्हणाला, मूक-बधिरांचा शिक्षक. टाळ्या. एक मुलगी म्हणाली, कानाची डॉक्टर. टाळ्या. तेजलची पाळी आली. ती म्हणाली, "जिऑलॉजी. पत्थर."

हे घरात नवीन नव्हतं. लहानपणापासून तिच्या दप्तरात खडी सापडायची. आमच्या गल्लीत कुठे बांधकाम निघालं की ही खडीच्या ढिगावर. दिवाळीत तिनं मला सांगितलं होतं की बारावीनंतर तिला बडोद्याला जायचंय, तिथे दगडांचंच शिकवतात. मी "बघू" म्हटलं होतं. आईच्या "बघू"चा अर्थ सगळ्या मुलींना कळतो.

सर हसून म्हणाले, "पत्थर? और भैया को कौन देखेगा, पत्थर?"

सगळे हसले. आणि मी मागच्या रांगेतून, कुणी विचारलं नसताना, मोठ्यानं बोलले, "नाही नाही सर, वो यहीं पर बी.कॉम. करेगी. उधना में. घर से पाँच मिनट."

तेजलनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रडली वगैरे नाही. साडी तपासताना मी जशी बघते तशी बघितली.

त्या दुपारी आमराईच्या कडेला पोंकाची भट्टी लावली होती. शेजारच्या शेतातला एक म्हातारा आणि त्याची सून कणसं राखेत खुपसत होती, मग कापडात बांधून दणादण झोडपत होती. मुलं मांडवातून एकेक करून तिकडे पळाली. तिथे खुर्च्या नव्हत्या, माईक नव्हता, मंच नव्हता. सगळे आपोआप भट्टीभोवती गोल उभे राहिले आणि प्रत्येकाला प्रत्येकाचं तोंड दिसायला लागलं. तेवढं पुरलं. वीस-पंचवीस जोड्या हात एकदम सुटले. भूषण एका मुलाला पतंग कसा कापला ते सांगत होता, त्याची खुणांची गोष्ट इतकी लांबली की म्हाताऱ्यानं काठी थांबवली आणि तोही बघत राहिला. कतारगामचा जाडा मुलगा आपल्या बहिऱ्या बहिणीशी भांडत होता, पोंकाच्या मुठीवरून, अगदी साधं, घाणेरडं भांडण. तिनं त्याच्या शर्टात गरम दाणे टाकले. तो नाचला. त्या अर्ध्या तासात कुणी कुणाचं काही सांभाळत नव्हतं. तेजलनं दोन्ही हातांनी पोंक खाल्ला, तिचे ओठ काळे झाले होते.

हेतलबेन टाळ्या वाजवत आल्या. "चालो चालो, सेशन बाकी छे!"

तिसऱ्या दिवशी समारोप. मंचावर एक थाळी, थाळीत लाल नाडे, देवळात मनगटावर बांधतात ते. सरांनी सांगितलं, प्रत्येक ऐकणाऱ्या भावंडानं आपल्या भावाच्या नाहीतर बहिणीच्या हातात हा दोरा बांधायचा आणि माईकवर म्हणायचं, "आजथी हुं तारा कान." आजपासून मी तुझे कान. मागे हळू संगीत. पहिली जोडी झाली, दुसरी झाली. आया रडत होत्या. रुमाल फिरत होते. ज्यांच्या हातात दोरे बांधले जात होते ती मुलं इकडे-तिकडे बघत होती, कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं. एक चिमुरडी तर डॉक्टर इंजेक्शन देणार असं समजून हात मागे ओढत होती. एवढ्या माणसांत ते कुणाला दिसलं नाही. मला दिसलं. मी गप्प राहिले, कारण पुढचा नंबर आमचा होता आणि मी मोबाइल बाहेर काढला होता.

तेजल आणि भूषण मंचावर गेले. तिच्या हातात लाल दोरा, तोंडासमोर माईक. भूषणनं दोऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. मग दोन्ही चिमट्या एकत्र आणून झटक्यात लांब केल्या.

धागा तुटला. म्हणजे: मी सुटलोय, थांबा, मला सांगा.

सरांनी त्याचा हात हवेतच पकडला आणि उंच केला. माईकमध्ये त्यांचा आवाज भरून आला होता. "देखा आपने? ये बच्चा क्या बोल रहा है? बोल रहा है, दीदी, ये धागा कभी टूटे नहीं!"

मांडव टाळ्यांनी कोसळायचा बाकी होता. पोराचा हात तसाच वर, सरांच्या मुठीत. मला माझी मूठ आठवली.

तेजल माईकजवळ गेली. "सर, वो ये नहीं बोल रहा है."

"बेटा, भावना समझो..."

"वो पूछ रहा है कि यहाँ चल क्या रहा है. तीन दिन से पूछ रहा है. आप लोग बताते नहीं हो."

सर हसले, मोठ्या माणसासारखे. "तो आप बताओ ना बेटा. आप ही तो उसके कान हो."

"मैं बहन हूँ," तेजल म्हणाली. "कान उसके अपने हैं. सुनते नहीं हैं, बस."

आणि मी खालून, मंचाला टेकून, दात आवळून, मराठीत म्हणाले, "तेजल, शहाणपणा पुरे. दोरा बांध आणि खाली ये." माईक चालू होता. ते सगळ्यांनी ऐकलं. भूषण सोडून.

तिनं बांधला नाही. दोरा थाळीत ठेवला आणि तिथेच उभी राहून, मांडवाला पाठ करून, भूषणला सगळं हातांनी सांगितलं. दोरा काय, शपथ काय, कान कुणाचे. तो ऐकत, म्हणजे बघत होता. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं आणि त्यानं भराभर काहीतरी खुणा केल्या. तेजल खो खो हसली. इतकी हसली की तिला वाकावं लागलं.

"क्या बोला? क्या बोला वो?" सर माईक पुढे करत होते.

"नहीं बताऊँगी. हमारी बात है."

"काय म्हणाला तो?" मीही खालून विचारत होते. मला कळलं नव्हतं. चौदा वर्षांचा माझा मुलगा माझ्यासमोर उभा राहून, भर उजेडात बोलला होता आणि मांडवातल्या अनोळखी माणसांइतकंच मला कळलं होतं. जेव, झोप, चल, नको, मार खाशील. माझ्या खुणा तिथे संपत होत्या. पुढची सगळी भाषा मी पोरीकडून फुकट घेत आले होते.

परतीच्या बसमध्ये भूषण खिडकीला डोकं टेकून झोपला. मी पंधरा मिनिटं तोंड फुगवून बसले. मग म्हटलं, "एवढ्या लोकांत माझी मान खाली घातलीस. तीन दिवस मी अभिमानानं सांगत होते, बिल्ल्यावर सुद्धा लिहिलंय, सांभाळती बहेन म्हणून..."

तेजलनं गळ्यातला बिल्ला काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "नीट वाच."

"वाचलाय."

"वाच ना आई. सांभळती बहेन. सांभळती. ऐकणारी. सांभाळणारी नाही."

मी पाहिलं. सांभळवुं म्हणजे ऐकणं. हा शब्द मला येत नाही असं नव्हे. दिवसातून पन्नासदा शेठ म्हणतो, "सुनीताबेन, सांभळो." मी ऐकते. साड्यांच्या गठ्ठ्यांवरचं गुजराती मी घाईतही चुकत नाही. पण त्या बिल्ल्यावर माझ्या पोरीच्या नावाखाली तो शब्द आला आणि मी त्यात एक काना घालून वाचला. तीन दिवस वाचत राहिले. तिला ऐकू येतं एवढंच तिथे लिहिलं होतं. सांभाळायचं मी माझ्या पदरचं घातलं होतं.

"तू सगळ्यांना सांगत फिरत होतीस," तेजल म्हणाली. "जाड्याची आई मला विचारत होती, तुझ्या मम्मीला गुजराती येत नाही का?"

मला हसू आलं असतं तर बरं झालं असतं. नाही आलं. संतापानं माझे कान गरम झाले होते आणि राग कुणावर काढावा ते समजत नव्हतं. थेरपीच्या बाईंवर, सरांवर, गोड हेतलबेनवर. सगळ्यांवर काढून झाला तरी उरतच होता. आजही उरतो. लोक म्हणतात, चांगल्या हेतूनं करतात बिचारे. हेतू चांगला असेल. म्हणून काय मुलांना न विचारता त्यांच्या मनगटात दोरे बांधायचे? एका मुलाला ऐकू येत नाही याची शिक्षा दुसऱ्याला ऐकू येतं म्हणून द्यायची, आणि वर त्याला प्रेम म्हणायचं? मुलीच्या बाबतीत तर हे काम इतकं सोपं आहे की शिबिराचीही गरज नाही. आई पुरते.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ताटातली पोळी मोडत राहिला. आता त्यालाही कमी ऐकू येतं, लूमनं कान खाल्लेत. मला वाटलं ऐकलंच नाही. मग म्हणाला, "मंग? जाई का नही ती बडोदाले?" मग, जाणार की नाही ती?

"जाईल," मी म्हटलं.

जूनमध्ये ती गेली. हे वाक्य लिहायला सोपं आहे. त्यामागे सासूबाईंचा महिनाभराचा अबोला आहे, नणंदेचे टोमणे आहेत: पोरगी दगड फोडायला पाठवली, आणि बहिरं पोर घरात एकटं. मी कुणाला उत्तर दिलं नाही. मला वेळ नव्हता. रविवारी सकाळी भूषण मला शिकवायला बसायचा. माझी बोटं जाड, मनगट कडक. मी "काल" म्हणायला जायची आणि काहीतरी भलतंच व्हायचं, तो पोट धरून हसायचा आणि काय झालं ते सांगायचा नाही. शाळेतल्या मित्रांकडून तो खरी खुणांची भाषा शिकला होता, त्यात बापाच्या खात्यातल्या खुणा मिसळल्या होत्या. अशी भाषा जगात बहुतेक आमच्याच घरात असेल.

आणि तरी मी एक चूक केलीच. तेजल गेली आणि तिच्या रिकाम्या जागेवर मी जाऊन बसले. डॉक्टरांकडे मी बोलायची, दुकानात मी बोलायची. बँकेत त्याचं पासबुक काढायला गेलो तेव्हा क्लार्कनं मला विचारलं, "याला सही येते का?" आणि मी "येते, येते" म्हणत फॉर्म भरायला घेतला. भूषणनं तो माझ्या हातातून काढून घेतला. सही केली. बाहेर आल्यावर पायरीवर थांबून तो मला म्हणाला, आणि या वेळी मला पहिल्या फटक्यात समजलं: "एक गेली, दुसरी आली."

तो मंचावर काय बोलला होता, ते तेजलनं मला दोन वर्षांनी सांगितलं. सुट्टीत आली होती, बूट चिखलानं भरलेले, कपाळ रापलेलं. मी स्वयंपाकघरातून तिला चौथ्यांदा हाक मारत होते. ती म्हणाली, "हेच. तो म्हणाला होता, ही माझे कान होणार? हिला आईची हाक तरी ऐकू येते का?"

आता भूषण अठराचा आहे. पर्वत पाटियाला माझ्या गोदामापासून दोन गल्ल्या सोडून एका ऑफिसात कॉम्प्युटरवर एम्ब्रॉयडरीची डिझाइनं बनवतो. त्यानं काढलेली बुट्टी कधी कधी माझ्या टेबलावरून सरकत जाते. मी तिच्यातही दोष काढते. परवा एका पानाचा टाका सुटलेला दाखवला, तर म्हणाला, मशीनवाल्याची चूक, माझी नाही. आणि खरोखरच मशीनवाल्याची होती.

काल रविवार. पोंक आणला होता, भूषण जेवणाच्या टेबलावर बसून शेवेतून साखरेचे दाणे वेचून खात होता. मी त्याच्या समोर कोथिंबीर निवडत होते. हेतलबेनचा फोन आला. यंदाही शिबिर आहे. त्याच जागी. तेजलला घेऊन या, या वेळी आम्ही एका आदर्श बहिणीचा सत्कार करणार आहोत, तेव्हा लहान होती, बोलून गेली, आमच्या मनात काही नाही.

"तेजल कच्छमध्ये आहे," मी म्हटलं. "दगड मोजतेय."

"अच्छा? तो पछी भूषण?" त्यांच्या आवाजात खरी काळजी होती, ते मी नाकारत नाही. "एने कोण जुए छे?" त्याच्याकडे कोण बघतं?

"तो इथेच बसलाय. त्यालाच विचारा ना."

मी फोन व्हिडिओवर केला आणि बरणीला टेकवून त्याच्यासमोर ठेवला. ठेवता ठेवता पडद्यावर हेतलबेनचा चेहरा दिसला. केस पांढरे झालेत. भूषणनं हात जोडून नमस्कार केला. मग त्या मोठ्यानं बोलायला लागल्या. "भू-ष-ण! के-म छे, बे-टा?" मग आणखी मोठ्यानं. भूषण शांतपणे बघत होता. चार वर्षांत त्या एक खूण शिकल्या नव्हत्या. त्यानं आपला स्वतःचा मोबाइल उचलला, त्यावर गुजरातीत दोन ओळी लिहिल्या आणि स्क्रीन त्यांच्यासमोर धरली.

"सुनीताबेन!" हेतलबेन ओरडल्या. "ए सुनीताबेन! आ शुं कहे छे?" हा काय म्हणतोय?

मी दोन हातांवर होते. त्यानं काय लिहिलं होतं ते मला समोरून सरळ वाचता येत होतं. मी कोथिंबिरीची एक काडी उचलली, मूळ तोडलं, पिवळी पानं बाजूला टाकली.

"सुनीताबेन? छो के गयां?" आहात की गेलात?

दुसरी काडी उचलली. भूषणनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी वर पाहिलं नाही. त्याचा हात खाली आला नाही, स्क्रीन तशीच समोर.

मग पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि हेतलबेन, पहिल्यांदाच हळू आवाजात, म्हणाल्या, "एक मिनिट हं, दीकरा. चश्मां लई आवुं." त्या चष्मा आणायला गेल्या.

भूषणला घाई नव्हती.